बसून बांधलेली भिंत

देवरीच्या त्या सरकारी इमारतीत एकच मोठा हॉल होता आणि त्या हॉलमध्ये सहा साहेब बसत. आडपडदा नसल्यामुळे कोणता साहेब किती वाजता आला, कोणता किती वाजता गेला, कोणाच्या डब्यात आज काय आहे आणि कोण टेबलावर डोकं ठेवून झोपला आहे, हे कामासाठी आलेल्या लोकांना बाकावर बसल्या बसल्या दिसत असे. लोकांची त्यामुळे करमणूक होई. साहेबांची होत नसे. शेवटी साहेबांनी वर लिहून पाठवलं की, मोकळ्या हॉलमुळे कामातली एकाग्रता भंग पावते, सबब भिंती घालून सहा खोल्या कराव्यात. एकाग्रतेला भिंत लागते हे एकदा कागदावर आलं की पुढे कोणी विचारत नाही. टेंडर निघालं आणि ते देवरीच्याच छोटेलाल रहांगडाल्याला मिळालं.

छोटेलालचा धंदा कोरड्या भिंतींचा. आता कोरडी भिंत म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे भिंत म्हटली की माती आली, विटा आल्या, सिमेंट आलं आणि पाणी तर आलंच. आधी भिंत ओली करायची, मग ती वाळायची वाट बघत बसायचं. छोटेलालच्या भिंतीचं तसं नाही. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा जमिनीपासून छतापर्यंत उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जिप्समचे बोर्ड स्क्रूने आवळून टाकायचे. बोर्ड म्हणजे क्रीमचं बिस्कीट समजा. वर कागद, खाली कागद, मध्ये जिप्सम. सांध्यांवर जाळीची पट्टी, पट्टीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. भिंत तयार. टिचकी मारली तर पोकळ वाजते, पण टिचकी कोण मारतो?

गोंदियात छोटेलालने राईस मिलवाल्यांच्या केबिनी केल्या होत्या, डॉक्टरांचे दवाखाने केले होते, लग्नाच्या हॉलांची छतं केली होती. तिथे शेठजी विचारायचे, "हो जाएगा ना, छोटेलालजी?" आणि छोटेलाल म्हणायचा, "हो जाएगा." एवढ्यात सगळं आलं.

सरकारी कामाला मात्र "हो जाएगा" चालत नाही. तिथे दोन गोष्टी लागतात, विमा आणि हमी. दोन्ही सारख्याच वाटतात, पण तशा नाहीत. विमा म्हणजे आपल्याकडच्या कोणाला लागलं, तर भरपाई दुसरा करतो. हमी म्हणजे आपण काम बिघडवलं, तर भरपाई तिसरा करतो, आणि मग तो तिसरा आपल्या दारात येऊन उभा राहतो. एवढा फरक ध्यानात ठेवा, पुढचं सोपं आहे.

हमी मागायला छोटेलाल बँकेत गेला. मॅनेजर गोड बोलणारा होता.

"हमी देतो ना," तो म्हणाला. "फक्त हमीएवढी ठेव आमच्याकडे ठेवा."

"साहेब, एवढी ठेव असती त मी हमी मागाले कायले आलो असतो?"

"तेही खरं," मॅनेजर म्हणाला. "ज्यांच्याकडे ठेव असते ते येतच नाहीत. त्यांच्याकडे आम्ही जातो." मग छोटेलालचं तोंड उतरलेलं पाहून त्याने वाट दाखवली. "दुसऱ्या कोणाची ठेव असली तरी चालेल. तो सही करायला तयार पाहिजे."

असा दुसरा माणूस छोटेलालला एकच माहीत होता, तो म्हणजे केशोरीचा शालीकराम टेंभरे. शालीकराम धानाचा मोठा शेतकरी आणि छोटेलालचा होणारा समधी. छोटेलालची मुलगी सोनिका हिची सोयरीक शालीकरामच्या मुलाशी दिवाळीनंतर पक्की झाली होती, लग्न उन्हाळ्यात होतं आणि लग्नासाठीच शालीकरामने ठेव बाजूला काढून ठेवली होती. ती छोटेलालने मागायला नको होती आणि शालीकरामने द्यायला नको होती. दोघांनाही हे कळत होतं. पण सोयरीक नवी असते तेव्हा एकाला मागायची लाज वाटत नाही आणि दुसऱ्याला नाही म्हणायची वाटते. शालीकरामने सही केली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर खोल्यांचं उद्घाटन व्हायचं होतं. तोवर काम झालं नाही, तर बँक ती ठेव उचलून सरकारजमा करणार होती.

छोटेलालची बायको गोमती हे ऐकून हातातलं काम टाकून बाहेर आली. मग म्हणाली, "पाहा जी, काम अडलं त साहेबाची भिंत नाही अडाची. आपल्या पोरीचा मांडव अडंल."

आता राहिला विमा. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दुर्गेश नावाचा एजंट एक टेबल घेऊन बसत असे. तो छोटेलालला पाहून उठला, खुर्ची पुसली आणि विचारता झाला, "काका, पहिले एक सांगा. विमा जोडाचा पायजे का वापराचा?"

"म्हंजे?"

"जोडाचा म्हंजे टेंडरले जोडाचा. स्वस्त राहते. वापराचा म्हंजे मानूस खरोखरचा पडला त खरोखरचे पैसे देते, तो. महाग राहते."

"दिसाले फरक काय?"

"काहीच नाही. साहेब शिक्का पाहते, शिक्का दोघायवर सारखा."

"वापराचा कोन घेते मंग?"

दुर्गेशने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी त आजवर विकला नाही, काका. कोनी मागतच नाही."

छोटेलालने जोडायचा घेतला. फरक एकाच रकान्यात होता. कामगार कोणत्या प्रकारचं काम करतात, या प्रश्नापुढे 'उंचीवर चढून' लिहिलं की हप्ता वाढायचा आणि 'कार्यालयात बसून' लिहिलं की उतरायचा. दुर्गेशने 'कार्यालयात बसून' लिहिलं. "काम कार्यालयातच आहे ना काका? खोटं काहीच नाही," तो म्हणाला. त्या विम्यात वीज होती, भूकंप होता, दंगल होती. आभाळातून विमान पडलं असतं तरी पैसे मिळाले असते. फक्त ते ज्याच्यावर पडलं, तो त्या वेळी खुर्चीत पाहिजे होता.

काम सुरू झालं. छोटेलालकडे मोजकीच माणसं होती. त्यांत मुख्य मिस्त्री सुकराम. वयाने छोटेलालपेक्षा मोठा, धंद्यात पहिल्या दिवसापासून सोबत, म्हणून मालकाला अजून 'छोटे' म्हणणारा. दुसरा मुन्ना, गोंदियाचा, हिंदी बोलणारा, माकडासारखा चढणारा. बांबूची मचाण बांधून दोघं वर उभे राहिले की खालून बोर्ड पोचवायला बाकीचे धावत असत. सांगाडा भराभर उभा झाला.

शालीकराम तिसऱ्याच दिवशी आला. ठेव त्याची अडकलेली, येणारच. पण इथे एक अडचण होती. समधी म्हणजे काही पाहुणा नव्हे, समधी म्हणजे समधी. तो दारात आला की लोटा घेऊन त्याचे पाय धुवायचे, त्याला आपल्यापेक्षा उंच बसवायचं, वडे तळायचे, आणि तो उठेपर्यंत त्याच्याजवळून हलायचं नाही. जो हलला त्याने समध्याला हाकललं, असा अर्थ होतो. छोटेलाल त्याला घरी घेऊन गेला. गोमतीने पाय धुतले, वडे तळले. जेवण झालं, सुपारी झाली, धानाच्या भावावर बोलणं झालं. मालक नाही म्हणून इकडे मिस्त्री लोकांनी मचाणीखाली ताणून दिली.

"काम कसं चालून राहिलं?" जाताना शालीकरामने विचारलं.

"जोरात," छोटेलाल म्हणाला.

"मी येत जाईन पाहाले. उशीर नाही झाला पायजे."

आणि तो येत गेला. काम वेळेत व्हावं म्हणून तो ज्या ज्या दिवशी आला, तो तो दिवस कामातून गेला.

एवढंही निभलं असतं. पण एका सकाळी दुर्गेशचा फोन आला.

"काका, कंपनीचा साहेब नागपूरवरून येऊन राहिला. सरकारी काम आहे म्हनून पाहून जातो म्हनते."

"काय पाहाले?"

"तुमचे मानसं बसून आहेत का नाही, ते."

छोटेलालने फोन ठेवला. त्याने लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, मचाण सोडून मागे लपवली आणि सगळ्यांना एकेका खुर्चीवर बसवलं. सुकरामने मांडीवर स्क्रूची मशीन घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"काऊन गा छोटे, आज बसून कायले?"

छोटेलालने त्याला खरं सांगितलं. खोटं सांगायला वेळ नव्हता. "आपला विमा बसनाऱ्यायचा आहे भाऊ. साहेब येऊन जाऊ दे, मंग उठजो."

साहेब आले. हॉलमध्ये लाल खुर्च्यांची रांग आणि प्रत्येक खुर्चीतला माणूस समोरच्या बोर्डात स्क्रू मारतो आहे, असं दृश्य त्यांनी पाहिलं. छताकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग छोटेलालकडे.

"वरचा भाग कसा करणार?"

"तो पुढच्या टप्प्यात, साहेब."

"अच्छा." साहेबांनी लिहून घेतलं. चहा घेतला. "शिस्त आवडली. आमच्या नागपुरात कामगार जागेवर सापडत नाहीत हो." आणि ते गेले.

गाडी वळताच छोटेलालने टाळी वाजवली. "चला, झालं. उठा."

मुन्ना उठला. सुकराम उठला नाही.

"सुकरामभाऊ, ऊठ ना गा."

"कायले?"

"कायले म्हंजे? भिंत वर न्याची आहे."

"आन वरून पडलो त?"

"इतके वर्सं वर चढून राहिला, कधी पडला का?"

"इतके वर्सं विमा नव्हता ना बापा," सुकराम शांतपणे म्हणाला. "पडलो असतो त नशीब म्हटलं असतं. आता विमा आहे, पन उभ्याचा नाही, बसल्याचा आहे. आता पडलो त नशिबाचं नाव घेता येत नाही. सावित्री मले इचारंल, जथी विमा होता, तथून तू उठला काऊन?"

सावित्री म्हणजे सुकरामची बायको. ती असं विचारणारीच होती, हे छोटेलालला ठाऊक होतं.

"बात तो सही है, भैया," म्हणून मुन्ना पुन्हा खाली बसला. त्याचं पाहून बाकीचे बसले.

छोटेलाल रागावला, चिडला, मजुरी वाढवतो म्हणाला. शेवटी हात जोडून म्हणाला, "भाऊ, सोनिकेचं लगन अडकून आहे यात. तिले लहानपनी खांद्यावर तूच खेळवलं."

सुकरामचा चेहरा मऊ पडला, पण बूड हललं नाही. "म्हनूनच म्हनतो. तिच्या लग्नात मी पंगतीत वाढाले पायजे का भिंतीवर फोटोत?"

काम बंद झालं नाही, हे खरं सांगायला हवं. सुकराम कामचोर नव्हता. तो रोज वेळेवर यायचा, खुर्ची झटकायचा आणि बसून जेवढा हात पोचेल तेवढी भिंत मन लावून बांधायचा. एक तुकडा झाला की खुर्ची पुढे सरकवायची. खुर्चीत काम करण्यात एक सुखही होतं, हे त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं. सहा साहेब समोर बसलेले, इकडे मिस्त्री बसलेले, दोघांची वेळ संपली की दोघं सोबत उठत. काही दिवसांत सहाही खोल्यांच्या भिंती छातीपर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. वर नुसता पत्र्याचा सांगाडा.

नेमका अशा वेळी शालीकराम आला. हॉलच्या दारात उभा राहून त्याने त्या छातीएवढ्या खोल्या डोळे भरून पाहिल्या.

"समधीजी," तो म्हणाला, "सायबायसाठी खोल्या बांधून राहिले का गोठा? दावनी तेवढ्या राहिल्या."

छोटेलाल त्याला घाईघाईने घरी घेऊन गेला. लोटा, वडे, सुपारी. वडे त्या दिवशी शालीकरामने एकच खाल्ला. गोमतीने ते पाहिलं. वड्यांवरून समध्याचं मन उडालं म्हणजे सोयरिकीवरून उडायला किती वेळ लागतो?

जेवून दोघं परत आले तेव्हा हॉलमध्ये मुन्नाने नवीन युक्ती काढली होती. त्यालाही भिंत पुढे गेलेली हवी होती आणि विमाही सोडायचा नव्हता. म्हणून त्याने साहेबांच्या टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीत खुर्ची अडकवली, त्यावर आणखी चढवल्या आणि तो सगळ्यांत वरच्या खुर्चीत मांडी घालून, पार छताजवळ जाऊन बसला होता. सगळं टेबल डुगडुगत होतं.

"मुन्ना! उतर बे खाली!" छोटेलाल ओरडला.

"अरे भैया, बैठा ही तो हूँ!" मुन्नाने वरून ऐटीत सांगितलं आणि ते सांगायला म्हणून तो जरा वळला.

खुर्च्या एका बाजूला गेल्या, मुन्ना दुसऱ्या बाजूला. नशिबाने तो बोर्डांच्या रिकाम्या खोक्यांवर आपटला. पाय मुरगळला, डोक्याला टेंगूळ आलं, जीव वाचला. कोपऱ्यातल्या साहेबाची झोपमोड झाली.

मुन्नाला दवाखान्यात पाठवून छोटेलालने दुर्गेशला फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, सगळे भोवती जमले होते, सुकराम खुर्चीसकट.

"बसून होता ना?" दुर्गेशने आनंदाने विचारलं. "मंग झालं काम! हा माझा पहिलाच क्लेम, काका. थांबा, साहेबाले लाइनवर घेतो."

नागपूरचे साहेब लाइनवर आले. "कामगार कशावर बसला होता?"

"खुर्चीवर, साहेब."

"खुर्ची कशावर होती?"

"खुर्चीवर."

"आणि ती?"

छोटेलालने सुकरामकडे पाहिलं. सुकरामने मान हलवली, तेव्हा छोटेलाल म्हणाला, "तीबी खुर्चीवर, साहेब. खाली टेबल होता. मजबूत होता."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. "खुर्ची किती उंच असावी, हे आमच्या नियमात दिलेलं नाही," साहेब शेवटी म्हणाले. "वरच्या कार्यालयाला विचारावं लागेल." आणि फोन ठेवला.

शालीकराम इतका वेळ भिंतीशी उभा होता. समध्याला बसायला सांगायचं त्या गडबडीत सगळे विसरले होते. तो सुकरामकडे वळला.

"का गा, तू या कामाचा मिस्त्री ना? उठत काऊन नाही? तुह्यापायी माझी ठेव जाऊन राहिली."

सुकराम खुर्चीतून उठला. समध्यासमोर बसून बोलत नाहीत, एवढी रीत त्याला होती. "जी, तुमी सही केली ती कायची केली?"

"कामाची. काम नाही झालं त मी भरीन."

"म्हंजे भिंत नाही झाली त तुमी आहा. आन ह्या पोट्ट्याची मान मोडली असती आज, त कोन होता?"

शालीकरामने उत्तरासाठी छोटेलालकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. छोटेलालचं लक्ष मोडलेल्या खुर्च्यांकडे होतं. वरच्या खुर्चीचा एक पाय तुटून साहेबाच्या टेबलाखाली गेला होता. त्याने वाकून तो काढला, हातात धरला, आणि काय करावं हे न सुचून खिशात घालायला गेला. तो खिशात मावला नाही.

"समधीजी," तो म्हणाला, "तुमी घरी चला, गोमती चहा करते. मी येतो. मले बसस्टँडवर काम आहे."

समध्याला एकटं सोडून गेलेला यजमान त्या पंचक्रोशीत हा पहिलाच असावा.

झेरॉक्सच्या दुकानात दुर्गेश घाबरून बसला होता. "काका, मी काय करू? वरून उत्तर आलं का सांगतो."

"ते राहू दे. मले विमा दे."

"दिला ना!"

"तो नाही. वापराचा दे. चढनाऱ्यायचा. माझंबी नाव टाक त्यात."

दुर्गेशने टेबलाचे सगळे खण उघडले. मग फोन करून कोणाला तरी विचारलं, मग त्याने दुसऱ्या कोणाला तरी विचारलं. शेवटी नागपूरच्या साहेबांचाच फोन आला. आवाजात संशय होता. "वापरायचा कशाला पाहिजे? आणखी कोणी पडलं आहे का?"

"नाही साहेब."

"पडणार आहे का?"

"पडू नये म्हनून पायजे."

"पडणार नसेल तर घेता कशाला?" साहेबांना खरंच समजत नव्हतं. पण नियमात नकार बसत नव्हता. मात्र अटी निघाल्या. बांबूची मचाण चालणार नाही, लोखंडी पाइपची पाहिजे. डोक्याला टोपी पाहिजे, कमरेला पट्टा पाहिजे. छोटेलालला त्या सगळ्या अटी वाचताना एक गोष्ट जाणवली. इतकी वर्षं हे सगळं बाजारात मिळत होतं. त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

नवा विमा घेऊन तो आधी टेंडरच्या साहेबांकडे गेला, म्हणजे जुना काढून नवा फाईलला लावता आला असता. तिथल्या बाबूने हात झटकले. "एका टेंडरला एकच विमा जोडता येतो. जुना जोडलेला आहे."

"पन तो खोटा... म्हंजे, हा जास्त खरा आहे."

"असेल. पण तो आधी आला."

छोटेलाल नवा विमा घेऊन हॉलमध्ये आला आणि त्याने तो सुकरामला दिला. सुकरामने तो नातीकडून, नीतूकडून वाचून घेतला. नीतू सातवीत होती, तिने एकही ओळ गाळली नाही. 'उंचीवर चढून' हे शब्द आले तेव्हा सावित्रीबाईने ते पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्या दिवशी सुकराम टोपी घालून, पट्टा बांधून पाइपच्या मचाणीवर चढला. खाली लाल खुर्च्यांकडे त्याने एकदा प्रेमाने पाहिलं, आणि मशीन चालू केली.

भिंती वर जाऊ लागल्या. पण मुन्नाचा पाय बांधलेला, एक हात कमी, आणि पंचवीस तारीख उजाडली तरी शेवटच्या खोलीचे वरचे बोर्ड बाकी होते. काम पूर्ण झाल्याची सही करणारे इंजिनियर साहेब दुपारी पाहणीला येणार होते. छोटेलाल स्वतः पट्टा बांधून वर चढला. शेवटचा मोठा बोर्ड त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरला, शेजारी सुकराम स्क्रू मारत होता, आणि त्याच क्षणी दारातून आवाज आला.

"राम राम, समधीजी."

शालीकराम दारात उभा होता. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. पाय धुवायला लोटा नव्हता, पुढे येणारं कोणी नव्हतं. बोर्ड सोडला असता तर सुकरामच्या खांद्यावर आला असता. छोटेलालने वरूनच मान लववली.

"राम राम जी. आज मले खाली येता येत नाही."

मशीनचा आवाज थांबला. छोटेलालच्या डोळ्यांपुढे सोनिकेचा मांडव आला, मग गोमतीचं तोंड. तो बोर्ड धरून राहिला.

शालीकराम मचाणीखाली आला. त्याने पाइप हलवून पाहिला, पट्ट्याची कडी पाहिली.

"या नव्या विम्यात माझं नाव आहे का?"

"नाही जी."

"मंग मी काही वर येत नाही बापा." त्याने स्वतःच्या हाताने कोपऱ्यातली लाल खुर्ची ओढली, मचाणीला लावली आणि बसला. मग स्क्रूचा डबा मांडीवर घेतला. "सुकराम, हात खाली कर. दाने देल्यासारखे देतो, सांडवजो नोको."

सुकराम हात खाली करी, शालीकराम मूठभर स्क्रू वर देई. सांधे भरायची वेळ आली तेव्हा त्याने बसल्या बसल्याच पुट्टी कालवून दिली. इंजिनियर साहेब फाईल घेऊन आले, तेव्हा शेवटच्या सांध्याला पुट्टी लागत होती.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते फाईल पाहत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कंत्राटदार कोण? विम्यात लिहिलं आहे, बसून काम करणारे कामगार. इथे तर सगळे वर उभे आहेत. बसणारा कामगार कुठे आहे?"

सव्वीस तारखेला आता एक रात्र उरली होती. छोटेलालने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सुकरामने वरून बोट दाखवलं.

"हे काय साहेब, बसून आहेत."

शालीकरामने मान वर केली. हात कोपरापर्यंत पांढरे, मांडीवर डबा, सदऱ्यावर पुट्टीचे शिंतोडे. त्याने साहेबांना नमस्कार केला, पण तो उठला नाही. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं. सगळं जुळत होतं. त्यांनी काम पूर्ण झाल्याची सही केली.

"हमी सुटली समजा," जाता जाता ते म्हणाले. "बँकेला कळवतो."

आतल्या खोल्यांमध्ये एकेका साहेबाचं दार बंद होण्याचा आवाज यायला लागला. उद्घाटनाची त्यांना घाई होती.

एवढ्यात गोमती धावत आली. समधी परस्पर कामावर गेल्याचं तिला बसस्टँडवर कळलं होतं. हातात पाण्याने भरलेला लोटा, तोंडावर धसका. तिने शालीकरामपुढे वाकून लोटा तिरपा केला.

शालीकरामने पाय मागे घेतले आणि दोन्ही पांढरे हात पुढे केले.

"पाय राहू दे, समधीनबाई. हातावर टाक. वाळली त निघत नाही म्हनते हे पुट्टी."